पहिला गड पडल्यानंतर: ड्वार्फ फोर्ट्रेस शिकण्याची एक रीत

ड्वार्फ फोर्ट्रेस हा बुटक्यांचा गड वसवून तो जगवण्याचा संगणक-खेळ जिंकता येत नाही, कारण जिंकण्याची अशी कोणतीच अट त्यात ठेवलेली नाही. टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या भावांनी २००२ साली त्याचे काम सुरू केले, ऑगस्ट २००६ मध्ये पहिली सार्वजनिक आवृत्ती विनामूल्य खुली केली, आणि ६ डिसेंबर २०२२ रोजी चित्रे व माउसची सोय असलेली आवृत्ती स्टीम या संगणक-खेळांच्या ऑनलाइन दुकानावर आली. त्यापूर्वी मूळ खेळ अक्षरे आणि चिन्हांतूनच दिसे. ‘हरण्यातच मजा आहे’ हे या खेळाचे ब्रीदवाक्य मानले जाते. मात्र नवख्या खेळाडूला ती मजा सहसा येत नाही, कारण गड पडला एवढेच त्याला दिसते आणि तो कशाने पडला हे कळत नाही. पुढे सांगितलेली रीत एवढ्याचसाठी आहे: प्रत्येक गड एकाच कारणाने पडेल अशी व्यवस्था करावी, ते कारण शोधून काढावे आणि पुढच्या गडात तेवढेच बदलावे.

त्यासाठी सुरुवातीला दोन गोष्टी ठरवून टाकाव्यात. पहिली म्हणजे, दर वेळी नवे जग निर्माण करू नये. एक लहान जग तयार करून त्याच जगात, साधारण सारख्याच प्रकारच्या जागी, पुन्हा पुन्हा वस्ती करावी. समशीतोष्ण हवामान, झाडे, वाहते पाणी, वर मातीचा थर, आणि जमिनीखाली पाझरणारा जलस्तर नाही, अशी जागा निवडावी. तो जलस्तर असला तर वसाहतीच्या जागेच्या माहितीत तसे नमूद असते. दुसरी गोष्ट शत्रूंची. अडचणीची पातळी ठरवताना शत्रूंचे हल्ले बंद ठेवता येतात, आणि पहिल्या गडापुरते ते बंद ठेवणे ही लबाडी आहे असे मला वाटत नाही. उपासमार आणि गॉब्लिन नावाच्या शत्रूंचा वेढा एकाच वेळी आले, तर दोन्हींपैकी कोणते तुम्ही हाताळू शकला असता हे कधीच कळणार नाही.

सात बुटक्यांची टोळी वसंत ऋतूच्या पहिल्या दिवशी येऊन पोहोचते. खेळातील वर्ष २८ दिवसांच्या १२ महिन्यांचे असते आणि बुटक्यांचा व्यापारी तांडा शरद ऋतूत येतो, म्हणजे मधला काळ स्वतःच्या शिदोरीवर काढावा लागतो. या काळात जे बहुतेक गड कोलमडतात ते अन्नाच्या नव्हे, तर दारूच्या टंचाईने. बुटके खाण्यापेक्षा पिण्यासाठी जास्त वेळा काम सोडतात, दारू नसली की पाण्याकडे वळतात, पण मग त्यांचे काम मंदावते आणि मनःस्थितीही बिघडत जाते. प्लंप हेल्मेट नावाची भूछत्रे जमिनीखालच्या मातीत चारही ऋतूंत पिकतात आणि त्यांचीच दारू गाळता येते, त्यामुळे प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. माझ्या दुसऱ्या गडात शेत उत्तम पिकत होते, भट्टी उभी होती, गाळणारा बुटका रिकामा बसला होता, आणि तरीही हुकूम रद्द झाल्याची सूचना पुन्हा पुन्हा येत होती. मी शेते वाढवली, म्हणजे नेमके उलटे केले. गाळलेली दारू ओतायला रिकामे पिंप लागते, आणि माझी सगळी पिंपे कोठारातील बुटक्यांनी त्याच भूछत्रांनी भरून टाकली होती. जितके पीक जास्त, तितकी पिंपे कमी. सूचनेत हे स्पष्ट लिहिलेले होते. मी ती सूचना वाचण्याऐवजी बंद करत होतो.

म्हणून रद्द झालेल्या कामाची प्रत्येक सूचना खेळ थांबवून वाचावी, ही सवय पहिल्याच दिवशी लावून घ्यावी. कोठाराच्या मांडणीत काही पिंपे राखीव ठेवण्याची सोय आहे, शिवाय दगडाची मोठी भांडीही घडवता येतात आणि दगडाला तर या खेळात तोटा नसतो. स्वयंपाकघराच्या यादीत प्लंप हेल्मेट शिजवण्यास मनाई करावी, कारण कच्चे खाल्ले किंवा दारूसाठी वापरले तर बी मागे राहते आणि शिजवले तर ते नष्ट होते.

दारूचा प्रश्न मिटला की नवखा खेळाडू पाण्याकडे वळतो आणि तिथे त्याचा दुसरा गड बुडतो. विहीर लागतेच, कारण जखमी बुटक्याला दारू चालत नाही, त्याला पाणीच द्यावे लागते, आणि पहिली लढाई झाल्यावर विहिरीची आठवण होणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणण्याचा शब्दशः अर्थ अनुभवणे होय. येथे पाण्याची वागणूक नीट समजून घ्यावी. प्रत्येक चौकोनातील पाणी १ ते ७ अशा मापाने मोजले जाते, ४ किंवा त्याहून अधिक पाण्यातून बुटके वाट काढत नाहीत, आणि नदीतून आणलेल्या पाण्याला दाब असतो. नदीपासून खाली उतरणारा बोगदा पुन्हा वर आला, तर पाणीही नदीच्या पातळीच्या आसपास चढू पाहते. समजा नदी जमिनीच्या वरच्या थरात आहे, विहीर ज्या दालनात आहे ते तीन थर खाली आहे आणि टाकी तिच्याही खाली. अशा वेळी टाकी भरल्यावर पाणी थांबत नाही. ते विहिरीच्या तोंडातून खोलीत येते, खोलीतून मार्गिकेत आणि जिन्याने खालच्या झोपायच्या दालनात. मी बोगद्यात पाणदार, म्हणजे पाणी अडवणारे दार, बसवले होते, ते बंद करणारी कळही जोडली होती, आणि ती कळ सोयीची म्हणून विहिरीच्याच खोलीत ठेवली होती.

दाब मोडण्याचा उपाय विचित्र, पण खात्रीचा आहे: बोगद्यात एका ठिकाणी पाण्याला फक्त तिरक्या दिशेने, दोन चौकोनांच्या कोपऱ्यातून, जाऊ द्यावे. पाणी पुढे जाते, दाब जात नाही. तरीही कळ कोरड्या आणि उंच जागीच ठेवावी.

कळेविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे, कारण तिसरा गड बहुधा तिच्यापायी पडतो. कळ ओढण्याचा हुकूम दिला म्हणजे कळ ओढली गेली असे होत नाही. ते एक काम म्हणून नोंदले जाते, कोणी तरी मोकळा बुटका ते स्वीकारतो, तिथवर चालत जातो आणि मग ओढतो, त्यानंतर पूल उचलला जायला आणखी काही क्षण लागतात. उचललेला पूल भिंतीसारखा असतो आणि दारे फोडणाऱ्या ट्रोलांनाही तो फोडता येत नाही, म्हणून प्रवेशद्वाराशी खंदक आणि त्यावर पूल हा सर्वांत स्वस्त बचाव आहे. परंतु कळ एखाद्या दूरच्या टोकाला असेल, तर गॉब्लिन पुलावर पोहोचेपर्यंत तुमचा बुटका जिन्यातच असतो. जिथे बुटके सतत असतात अशा भोजनगृहाला लागून ती बसवावी. कळ आणि पूल जोडण्यास यंत्राचे दोन सुटे भाग लागतात, एक कळेच्या बाजूला आणि एक पुलाच्या. ही जोडणी शांततेच्या काळात दोनदा ओढून तपासावी, मात्र तेव्हा पुलावर कोणी नाही याची खात्री करावी, कारण उचलणारा पूल वर उभ्या असलेल्यांना फेकून देतो. पुलाच्या आतील अरुंद वाटेत पिंजऱ्याचे सापळे लावले, तर सैन्य उभे राहीपर्यंतचा काळ निभावतो.

वेढा परतवला तरी गड वाचला असे समजू नये. प्रेते बोळात कुजत राहिली की दुर्गंधीचे जांभळे ढग पसरतात, आप्तांना मेलेले पाहून बुटक्यांचा ताण वाढतो, आणि ज्यांना पुरले नाही किंवा ज्यांच्या नावाचा स्मृतिशिला-लेख बसवला नाही त्यांची भुते फिरू लागतात. शवपेट्या आधीच घडवून ठेवाव्यात, एवढेच येथे पुरे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. गड पडला की लगेच नवा सुरू करू नये. सूचनांची नोंद शेवटून वर वाचत जावी, मृतांची यादी पाहावी, आणि शेवटचा घाव नव्हे तर त्याच्या मागचे मागचे कारण धरावे. बुटका गॉब्लिनने मारला, कारण तो बाहेर होता. बाहेर होता कारण लाकूड आणायला गेला होता, आणि लाकूड लागले कारण पिंपे संपली होती. कारणांची अशी साखळी खुद्द कर्त्यालाही शोधावी लागली आहे. २०१५ च्या डिसेंबरात खेळात मद्यशाळा आल्या आणि मांजरे अचानक मरू लागली. टार्न अ‍ॅडम्स यांनी तपास केला तेव्हा दिसले की सांडलेल्या दारूतून चालताना मांजरांचे पंजे भिजत, ती पंजे चाटून साफ करत, आणि प्रत्येक चाटण्यात एक पूर्ण पेला दारू पोटात गेल्याचा हिशेब धरला जाई. वेगवेगळे पाहिले तर त्यातले प्रत्येक नियम ठीकच होते.

शोधलेले कारण वहीत एका ओळीत लिहावे, आणि पुढच्या गडात बाकी सगळे तसेच ठेवून तेवढेच बदलावे. जग तेच असल्यामुळे पडलेल्या गडावर नवी टोळी पाठवून तो परत ताब्यातही घेता येतो, आणि शिकण्यासाठी ती उत्तम जागा आहे, कारण चुका तिथे जशाच्या तशा उभ्या असतात. फक्त ज्याने गड पाडला ते पाणी किंवा तो प्राणी आत असू शकतो, म्हणून आधी जिन्याचे तोंड भिंतीने बंद करून वरच्या थरात राहावे. जुन्या वस्तू सगळीकडे विखुरलेल्या आणि वापरास मनाई असलेल्या सापडतात. लागतील तेवढ्याच मोकळ्या कराव्यात, सगळ्या एकदम केल्या तर सातही बुटके महिनाभर मोजे आणि हाडे वाहत बसतात आणि शेताला कोणी हात लावत नाही.