गल्लीबोळांतली छोटी संग्रहालये पाहताना या चुका टाळा

जुन्या शहरातल्या एखाद्या बोळात, दोन घरांच्या मधे अंग चोरून उभे असलेले छोटे संग्रहालय पाहून बाहेर पडणारे कित्येक जण ‘एवढेच होते का?’ असे एकमेकांना विचारताना दिसतात. दोष क्वचितच त्या संग्रहालयाचा असतो. दार दिवसभर उघडे असेल, बाण दाखवणाऱ्या पाट्या असतील, प्रत्येक वस्तूखाली माहिती लिहिलेली असेल आणि सगळ्यात महत्त्वाची वस्तू मधल्या दालनात ठेवलेली असेल, अशा मोठ्या संग्रहालयांत लागलेल्या सवयी घेऊन ही मंडळी तिथे गेलेली असतात. गल्लीतले संग्रहालय मुळात कुणाचे तरी घर, कारखाना किंवा वखार असते आणि संग्रहालय झाल्यावरही त्याचे घरपण पुरते गेलेले नसते. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका ही एक गोष्ट विसरल्यामुळे होतात.

निघण्यापूर्वीच्या चुका

पहिली चूक वेळेची. जगभरातली अनेक संग्रहालये सोमवारी बंद असतात, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पण छोट्या संग्रहालयाचे वेळापत्रक त्याहून लहरी असते. काही आठवड्यातून दोनतीन दिवसच उघडतात, काही फक्त दुपारी, आणि स्वयंसेवकांच्या बळावर चालणारी संग्रहालये एक माणूस आजारी पडला तरी बंद राहतात. मोबाईलवरच्या नकाशात दिसणाऱ्या वेळा कुणी, केव्हा भरल्या हे कळत नाही, म्हणून त्यांवर विसंबणे धोक्याचे. संग्रहालयाचे स्वतःचे संकेतस्थळ पाहावे आणि जमल्यास त्याच दिवशी सकाळी दूरध्वनी करून तीन गोष्टी विचाराव्यात: आज उघडे आहे का, शेवटचा प्रवेश किती वाजता, आणि आपले आपण फिरता येते की मार्गदर्शकाबरोबरच आत सोडतात. यातला तिसरा प्रश्न विचारायचा राहून जातो आणि तोच नडतो. न्यूयॉर्कमध्ये ऑर्चर्ड स्ट्रीटवर ९७ क्रमांकाची, १८६३ साली बांधलेली भाड्याच्या बिऱ्हाडांची एक इमारत आहे. देशोदेशींहून आलेल्या हजारो स्थलांतरितांनी तिथे संसार केले; १९३५ नंतर वरचे मजले ओस पडले आणि १९८८ साली स्थापन झालेल्या टेनेमेंट म्युझियमने ती बिऱ्हाडे पुन्हा उभी केली. ती पाहायची तर ठरावीक वेळी निघणाऱ्या गटात, मार्गदर्शकाबरोबरच जावे लागते. जागा भरल्या असतील तर समोरच्या पदपथावर उभे राहून खिडक्या मोजण्यापलीकडे हाती काही लागत नाही.

१८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन १९७७ पासून पाळला जातो आणि त्या सुमारास अनेक ठिकाणी विशेष कार्यक्रम असतात. एरवी बंद असणारे दालन त्या दिवशी उघडणार असेल तरच तो दिवस निवडावा. दहा माणसांत भरून जाणारी खोली पाहण्यासाठी आठवड्याच्या मधल्या दिवसाची सकाळ त्याहून कितीतरी बरी.

दुसरी चूक पत्त्याची, आणि तिच्यात जाणाऱ्याचा दोष थोडा कमी असतो. अरुंद बोळात दोन्ही बाजूंच्या उंच भिंतींमुळे आकाशाची जेमतेम एक पट्टी दिसते. उपग्रहांचे संकेत भिंतींवर आदळून, परावर्तित होऊन फोनपर्यंत येतात आणि नकाशावरचा निळा ठिपका शेजारच्या गल्लीत जाऊन उभा राहतो. बोळांच्या जाळ्यात शेजारची गल्ली म्हणजे कधीकधी दहा मिनिटांचा वळसा. त्यात घरक्रमांकांच्या रीती वेगवेगळ्या. व्हेनिसमध्ये क्रमांक रस्त्यानुसार दिलेले नसून अख्ख्या विभागाला सलग दिलेले असतात, त्यामुळे चार अंकी क्रमांक हाती असूनही गल्लीचे नाव माहीत नसेल तर घर सापडत नाही. फ्लॉरेन्समध्ये तांबड्या आणि काळ्या अशा क्रमांकांच्या दोन मालिका एकाच रस्त्यावर चालतात. तांबडे क्रमांक दुकानांचे, काळे राहत्या घरांचे, आणि एकाच आकड्याची दोन दारे एकमेकांपासून बरीच लांब असू शकतात. जपानमध्ये बहुतेक रस्त्यांना नावेच नसतात, क्रमांक रस्त्यांनी वेढलेल्या घरांच्या गटांना असतात. यावर उपाय साधा आहे. घरक्रमांकाबरोबर गल्लीचे नाव स्थानिक लिपीत टिपून ठेवावे, जवळची ठळक खूण विचारून घ्यावी, दाराचे छायाचित्र आधी पाहून घ्यावे आणि शेवटच्या शंभर पावलांसाठी फोन खिशात ठेवून माणसाला विचारावे.

काही दारे तर समोरून दिसतच नाहीत. एडिंबरामध्ये लॉनमार्केटच्या गजबजलेल्या रस्त्यावरून जाताना इमारतीच्या पोटातून आत शिरणारा एक अंधारा बोळ लागतो, त्याचे नाव लेडी स्टेअर्स क्लोज. त्यातून गेल्यावर चौक उघडतो आणि १६२२ साली बांधलेले घर समोर येते. बर्न्स, स्कॉट आणि स्टीव्हन्सन या तीन स्कॉटिश साहित्यिकांचे संग्रहालय याच घरात आहे. रस्त्यावरची बरीच गर्दी या बोळाच्या तोंडावरून सरळ पुढे निघून जाते.

उंबरठ्यावरच्या चुका

पाठीवरची मोठी पिशवी ही आतल्या वस्तूंची सर्वांत मोठी शत्रू. माणूस पुढची वस्तू पाहायला वळतो तेव्हा त्याची पिशवी मागच्या वस्तूवरून फिरते, आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. पिशवी दारात ठेवायला सांगितली तर तो अविश्वास समजू नये. ठेवायला जागाच नसेल तर ती पोटाशी धरावी. दुसरी गोष्ट गटाची. स्वस्थ उभा असलेला माणूससुद्धा सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे दहा जण एका लहान खोलीत शिरले की तिथे एक किलोवॅटची शेगडी पेटवल्यासारखे होते. शिवाय श्वासातला आणि अंगावरचा दमटपणा वेगळाच. जुने लाकूड, कागद आणि कातडे यांना ही चढउतार सोसत नाही. म्हणून मोठा गट असेल तर आधी कळवून त्याचे तीनचार जणांचे भाग पाडावेत आणि बाकीच्यांनी गल्लीच्या तोंडाशी घोळका करू नये.

जिन्यांचा विचार तर आधीच करायला हवा. लंडनमध्ये फ्लीट स्ट्रीटच्या मागच्या बोळांत, गॉफ स्क्वेअरमध्ये १७ क्रमांकाच्या घरात सॅम्युएल जॉन्सन १७४८ ते १७५९ या काळात राहत होते, आणि १७५५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी शब्दकोशाचे काम वरच्या पोटमाळ्यावर चालत असे. त्या पोटमाळ्यापर्यंत जायला जिनाच चढावा लागतो, कारण घरात लिफ्ट नाही. ॲमस्टरडॅममध्ये कालव्याकाठच्या सतराव्या शतकातल्या घराच्या माळ्यावर अख्खे कॅथलिक प्रार्थनामंदिर लपवलेले आहे, कारण त्या काळी तिथे कॅथलिकांना उघडपणे उपासना करण्यास मनाई होती. हे घर १८८८ पासून संग्रहालय आहे, पण त्याचे अरुंद, उभे जिने आजही चढायला लावतात आणि जुन्या फरशांसाठी जोड्यांवर आवरणे चढवावी लागतात. गुडघे दुखणाऱ्या किंवा चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्या सोबत्यासाठी ‘आत येता येईल का?’ एवढेच विचारणे पुरेसे नसते. किती पायऱ्या, कठडा आहे का, तळमजल्यावर काय पाहता येते, हे नेमके विचारावे. टाचांचे जोडे घरी ठेवलेले बरे.

पाहताना होणाऱ्या चुका

सगळ्यात मोठी चूक घाईची आहे. दोन खोल्या म्हणजे दहा मिनिटे, असा हिशोब करून लोक आत शिरतात. मोठ्या संग्रहालयात हजारो वस्तूंमधून निवड करून दाखवलेली असते. इथे निवड पाहणाऱ्याने करायची असते, आणि त्याला वेळ लागतो. लंडनमध्येच लिंकन्स इन फील्ड्स या चौकालगत वास्तुकार सर जॉन सोन यांचे घर आहे. १८३३ साली संसदेकडून खास कायदा करून घेऊन त्यांनी ते आपल्या मागे जसेच्या तसे राखण्याची व्यवस्था केली. १८३७ साली त्यांचे निधन झाले. त्या घरातल्या चित्रांच्या लहानशा खोलीत भिंतीला बिजागऱ्यांवर फिरणाऱ्या मोठ्या फळ्या आहेत. फळी उघडली की मागे आणखी चित्रे निघतात, आणि अठराव्या शतकातले इंग्रज चित्रकार होगार्थ यांची आठ चित्रांची प्रसिद्ध मालिका याच खोलीत आहे. फळ्या तिथले कर्मचारी उघडून दाखवतात, पाहुण्याने हात लावायचा नाही. घाईने डोकावून परतणारा समोरची भिंत पाहतो आणि खोली पाहून झाली असे समजतो.

दुसरी चूक म्हणजे पाटी शोधत राहणे. लंडनच्याच स्पिटलफील्ड्स भागातले फोलगेट स्ट्रीटवरचे डेनिस सेव्हर्स यांचे घर हे याचे टोकाचे उदाहरण. १९७९ साली त्यांनी ते विकत घेतले आणि रेशीम विणणाऱ्या एका कल्पित कुटुंबाचे बिऱ्हाड त्यात मांडले: अर्धवट जेवलेले ताट, विस्कटलेले अंथरूण, जळत्या मेणबत्त्या, जणू घरातली माणसे आत्ताच शेजारच्या खोलीत गेली आहेत. इथे वस्तूंखाली नावे नाहीत. गप्प राहून, वास घेत आणि कान देत फिरणे हीच पाहण्याची रीत. सगळीच छोटी संग्रहालये इतकी नाट्यपूर्ण नसतात, परंतु पाटी नाही म्हणजे माहिती नाही असा अर्थ मात्र कुठेच काढू नये. बेजिंगमध्ये ‘शीजिया हुतोंग’ नावाच्या गल्लीतल्या (हुतोंग म्हणजे तिथला जुना बोळ) २४ क्रमांकाच्या अंगणवजा घरात, लेखिका लिंग शुहुआ यांच्या जुन्या निवासस्थानी, २०१३ साली सुरू झालेल्या संग्रहालयात जुन्या गल्लीतले आवाज ऐकवणारी एक खोली आहे: फेरीवाल्यांच्या आरोळ्या, कबुतरांच्या शेपटीला बांधलेल्या शिट्ट्या. काचेच्या पेट्या मोजत चाललेल्या माणसाला ही खोली रिकामी वाटण्याचा संभव अधिक.

अंधारलेली खोली म्हणजे हेळसांड, हाही एक गैरसमज. कापड, जलरंगातली चित्रे आणि हस्तलिखिते यांच्यावर सुमारे ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) जास्त प्रकाश पडू देऊ नये असा संकेत संग्रहालयांत रूढ आहे. आपल्या लिहिण्याच्या टेबलावर त्याच्या सहा ते दहा पट उजेड असतो. प्रकाशाने उडालेला रंग परत येत नाही आणि प्रत्येक दिवसाची हानी आधीच्या हानीत जमा होत जाते. दारातून आत आल्यावर काही मिनिटे नुसते उभे राहिले की डोळे सरावतात आणि न दिसणारे दिसू लागते. फोनचा दिवा पेटवून वाकणाऱ्याने खोलीतल्या सगळ्यांचे सरावलेले डोळे पुन्हा बिघडवलेले असतात. धातूच्या वस्तूंना हात न लावण्याचे कारणही साधेच आहे: बोटांवरचे क्षार आणि तेलकटपणा यांमुळे काही काळाने ठसा गंजासारखा वर येतो.

विचारण्याची भीड ही तिसरी चूक. छोट्या संग्रहालयात तिकीट फाडणारा माणूसच अनेकदा वस्तू गोळा करणारा, कपाटे पुसणारा आणि वीजबिल भरणाराही असतो. त्याला ‘इथे विशेष काय आहे?’ असे विचारले की तो पाठ केलेली चार वाक्ये म्हणून दाखवतो. त्याऐवजी एखाद्या वस्तूकडे बोट दाखवून ‘ही तुमच्याकडे कशी आली?’ असे विचारावे. उत्तरात वस्तूबरोबर गल्लीतली घरे, भांडणे आणि स्थलांतरेही येतात. मात्र ऐकलेले सगळे खरे धरून चालण्याचीही चूक करू नये. घरगुती संग्रहांत दंतकथा आणि नोंद शेजारी शेजारी नांदतात, आणि ‘हे कागदावर कुठे आहे का, की ऐकीव?’ असे आदराने विचारले तर प्रामाणिक संग्राहक रागावत नाही.

गल्लीतली माणसे

फिलाडेल्फियातल्या एल्फ्रेथ्स ॲली या फरसबंदी गल्लीत एकूण ३२ जुनी घरे आहेत. १२४ आणि १२६ क्रमांकांच्या घरांत संग्रहालय आहे, उरलेली राहती आहेत. तरीही कुणाच्या तरी स्वयंपाकघराच्या खिडकीला नाक लावून उभे राहणारा पाहुणा अशा गल्ल्यांत दिसतोच. संग्रहालयाचे दार जिथे संपते तिथे पाहुण्याचा हक्कही संपतो. ओट्यावर बसून छायाचित्र काढणे, वाळत घातलेले कपडे किंवा खेळणारी मुले न विचारता टिपणे, पहाटे चाकांची पेटी फरशीवरून खडखडत नेणे या गोष्टींनी रहिवासी वैतागतात, आणि त्यांच्या तक्रारींचा त्रास शेवटी संग्रहालयालाच होतो. आत छायाचित्राची परवानगी असली तरी फ्लॅश आणि तिपाई यांबद्दल वेगळे विचारावे. प्रवेश विनामूल्य असेल तर देणगीपेटीसाठी थोडे सुटे पैसे जवळ ठेवावेत. अशा ठिकाणी कार्ड चालेलच असे नाही.

दार बंदच असेल तर

एवढी तयारी करूनही कधीतरी कुलूपच दिसते. तेव्हा पाठ फिरवण्यापूर्वी शेजारच्या दुकानात किंवा घरात विचारावे, कारण किल्ली कुणाकडे असते आणि माणूस जेवायला गेला आहे की गावाला, हे शेजाऱ्यांना हमखास ठाऊक असते. न्यूयॉर्कच्या कोर्टलँड ॲलीत २०१२ साली एका जुन्या मालवाहू लिफ्टच्या जागेत जेमतेम तीनचार माणसे मावतील एवढे म्युझियम सुरू झाले, आणि दार बंद असतानाही आतले पाहता यावे म्हणून त्या दारांना लहान काचा ठेवलेल्या आहेत. अशी काच, झरोका किंवा जाळी इतरत्रही असू शकते, तेव्हा ती शोधावी. दारावरच्या पाटीचे छायाचित्र घेऊन ठेवावे. संकेतस्थळावर न सापडलेला दूरध्वनी क्रमांक अनेकदा तिच्याच कोपऱ्यात हाताने लिहिलेला असतो.