पिकअप सेल्फ घेईना

तुर्भ्याच्या भाजी मार्केटात माल उतरवला, चावी फिरवली तर नुसतं 'टक्'. मागे टेम्पोवाल्यांचे हॉर्न सुरू. शेजारचा म्हणाला, "दादा, बॅटरी गेली, नवीन टाका." जुनी गाडी दिसली की लोक आधी खर्चच सांगतात.

मीटर लावला. १२.६ व्होल्ट, म्हणजे बॅटरी भरलेली. हेडलाइट लावून सेल्फ मारला, उजेड जराही कमी झाला नाही. म्हणजे सेल्फ, इंजिनाला पहिला फिरवा देणारी मोटर, करंट ओढतच नव्हता. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरली आणि क्लीनरला चावी मारायला सांगितली. इथे अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा हवा. मीटर ९ दाखवत होता! म्हणजे करंट बॅटरीकडे परत जायच्या वाटेतच अडत होता.

चोर सापडला: इंजिन ते चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, अशी जाणारी अर्थिंगची पट्टी. वरून धड दिसत होती, पण बोल्टपाशी हिरवी बुरशी चढलेली, आतल्या तारा बोटानं दाबताच भुगा. खाडीची खारी हवा, दुसरं काय!

बॅटरीचा मायनस आधी सोडवला, मग पट्टी बदलली. बसायची जागा पॉलिश पेपरनं लोखंड चमकेपर्यंत घासली, बोल्ट आवळून वरून ग्रीस फासलं. सेल्फ खणखणीत फिरला. बॅटरी जुनीच आहे.