घरच्या घरी स्प्रिट्झ: कडू, थंड आणि फसफसता

स्प्रिट्झ म्हणजे फसफसती वाइन, कडू-गोड मद्य आणि सोडा यांचं बर्फ घातलेलं पेय. तो बिघडतो तो बहुतेक वेळा बर्फामुळे. लोक हौसेनं महागडी बाटली आणतात, पोटाशी गोल असलेले ग्लास आणतात आणि मग ट्रेमधले चार पिटुकले खडे टाकून पाहुण्यांच्या हातात देतात. दहा मिनिटांत ग्लासात उरतं नारिंगी पाणी. म्हणून तयारी आदल्या रात्रीच सुरू करायची.

ग्लासाच्या तोंडातून आत जाईल एवढ्या लहान स्टीलच्या वाट्या घ्या, त्यांत पाणी भरा आणि फ्रीजरमध्ये ठेवा. मोठा खडा सावकाश वितळतो. वाट्यांवर झाकण हवंच, नाहीतर शेजारच्या डब्यातल्या बोंबलांचा वास बर्फाला लागतो. मी एकदा असा ग्लास प्यायलोय, परत नको.

हे पेय उत्तर इटलीतल्या व्हेनेतो प्रांताचं. एकोणिसाव्या शतकात तिथे ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्गांचं राज्य होतं. तिकडून आलेल्या मंडळींना स्थानिक वाइन जड वाटे, म्हणून ते तीत पाणी घालून घेत. ‘शिंपडणे’ या अर्थाच्या जर्मन क्रियापदावरून स्प्रिट्झ हे नाव आलं, असं मानतात. कडूपणा त्यात नंतर शिरला. बार्बिएरी बंधूंनी १९१९ साली पादुआच्या प्रदर्शनात अपेरोल हे नारिंगी, कडू-गोड मद्य लोकांसमोर आणलं, आणि पुढच्याच वर्षी व्हेनिसमध्ये सिलेक्ट नावाचं तसंच मद्य आलं. व्हेनिसची जुनी माणसं आजही सिलेक्टच मागतात.

अपेरोलची नेमकी कृती गुपित आहे. पण त्यात संत्री, रेवाचिनी आणि जेन्शियन नावाच्या डोंगरी झुडपाचं मूळ असतं, एवढं कंपनी स्वतःच सांगते. हे जेन्शियन म्हणजे आपल्या काडेचिराईताच्याच कुळातलं. तापात आजीनं नाक दाबून पाजलेला तो काढा आठवतोय ना? इटालियन लोकांनी त्याच कुळातल्या कडूत साखर घातली आणि जेवणाआधी भूक चाळवायला ते हौसेनं प्यायला सुरुवात केली.

आता फसफसती वाइन. मूळ पेयात प्रोसेको असते. ती मिळाली नाही किंवा परवडली नाही, तर नाशिककडची फसफसती ब्रूट वाइन बिनधास्त वापरा. लेबल मात्र नीट वाचा. ‘एक्स्ट्रा ड्राय’ म्हणजे सगळ्यात कोरडी, म्हणजे सगळ्यात कमी गोड, असं वाटतं, पण ती ब्रूटपेक्षा गोड असते. अपेरोल आधीच गोड, त्यात ही गोड वाइन पडली तर सरबत होईल. ब्रूटच घ्या.

बाटली गार करायला कुल्फीवाल्याची युक्ती कामाला येते. बादलीत बर्फ, थोडं पाणी आणि मूठभर मीठ घाला आणि बाटली गळ्यापर्यंत बुडवून अर्धा तास ठेवा. नुसत्या बर्फात ती लवकर गार होत नाही. पाणी बाटलीला चहूबाजूंनी भिडतं, म्हणून ते हवंच. सोडा आणि अपेरोल दोन्ही फ्रीजमध्ये ठेवलेले असले की झालं.

उघडताना घाई नको. आत गाडीच्या टायरपेक्षा जास्त दाब असतो. बाटली तिरकी धरा, तोंड माणसांकडे आणि ट्यूबलाइटकडे नको. बुचावर अंगठा दाबून ठेवत तारेची जाळी सैल करा. मग बूच घट्ट धरून बाटली फिरवा, बूच नव्हे. सुस्कारा टाकल्यासारखा आवाज आला म्हणजे जमलं. ‘फट्’ आवाज करून उडवलं तर टाळ्या मिळतात, पण फेस जमिनीवर जातो आणि आपल्याला फेस ग्लासात हवाय.

ग्लास बर्फानं काठोकाठ भरा. त्यावर आधी ९० मिली वाइन तिरक्या धारेनं ओता, मग ६० मिली अपेरोल, शेवटी ३० मिलीपर्यंत सोडा. क्रम उलटा करू नका. साखरेमुळे अपेरोल वाइनपेक्षा जड असतं, वरून ओतलं की खाली उतरता उतरता आपोआप मिसळतं. आधीच ओतलं तर ते तळाशी बसतं, मग ढवळावं लागतं आणि ढवळलं की बुडबुडे गेलेच. चमचा तळाशी नेऊन एकदा हलकेच वर उचला, बस्स. सोड्याच्या जागी टॉनिक किंवा लिंबाचं गोड पेय घालू नका.

वर संत्र्याची जाड चकती. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, चकती कापताना फोडी सुटतात. घट्ट सालीचं माल्टा बरं पडतं. व्हेनिसची पद्धत हवी असेल, तर काडीला टोचलेलं खारवलेलं हिरवं ऑलिव्हही टाका. ते शेवटी खायचं, मिठानं कडूपणा एकदम मवाळ होतो. सोबत बटाट्याचे वेफर्स. इटलीतल्या बारमध्येही तेच देतात, त्यामुळे संकोच नको. खारे शेंगदाणेही छान लागतात.

अपेरोल आणि प्रोसेको दोन्हींत साधारण ११ टक्के अल्कोहोल असतं, म्हणजे एका ग्लासात साडेसोळा मिली. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या पेगमध्ये तेरा मिलीच्या आसपास असतं. रंगाकडे पाहून याला सरबत समजू नका आणि पिऊन गाडीला हात लावू नका.

अपेरोलऐवजी कांपारी हे लाल, कडू इटालियन मद्य वापरायचं असेल, तर ४५ मिलीच घ्या. ते कडूही जास्त आणि तीव्रही.

वाइनची उघडलेली बाटली उद्यापर्यंत टिकत नाही, फेस मरतो. तेव्हा तिला त्याच संध्याकाळी संपवण्याची एक सोय सांगतो. १९७२ च्या सुमारास मिलानच्या बार बास्सोमध्ये मिर्को स्तोक्केत्तो यांनी नेग्रोनीत, म्हणजे जिन, कांपारी आणि गोड व्हर्मूथ (वनस्पतींचा स्वाद दिलेली वाइन) यांच्या कॉकटेलमध्ये, जिनऐवजी फसफसती वाइन घातली. त्या पेयाचं नाव पडलं ‘स्बाल्यातो’, म्हणजे चुकलेला. कांपारी, गोड व्हर्मूथ आणि वाइन, तिन्ही ३०-३० मिली, बुटक्या ग्लासात, आदल्या रात्रीच्या वाटीतला एक खडा टाकून.