दोष तारेत की कोडमध्ये?

आठवी-नववीच्या मुलांना मायक्रोकंट्रोलरवर, म्हणजे दिवे-बटणं चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटर-चिपवर, प्रोग्रॅमिंग शिकवायला लागले, तेव्हा पहिल्याच तासाला मी व्हेरिएबल, लूप, फंक्शन सगळं फळ्यावर मांडलं. अर्ध्या तासात मुलांची नजर खिडकीबाहेर. आता माझा पहिला तास एका दिव्याचा असतो. आर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डावर १३ नंबरच्या पिनचा (पिन म्हणजे तार जोडायची जागा) एलईडी दिवा आधीच बसवलेला असतो, त्यामुळे एकही तार न जोडता त्याची उघडझाप करता येते. डिलेमधले, म्हणजे कोडमधल्या थांबायच्या वेळेतले, १००० मिलिसेकंदांचे १०० करायचे. पण अपलोड करण्याआधी काय दिसेल ते वहीत लिहायचं. अंदाज चुकला की मूल न सांगता कोड परत वाचतं.

आदल्या दिवशी प्रत्येक यूएसबी केबल लावून बघा. काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात: बोर्डावरचा दिवा लागतो, पण कॉम्प्युटरला बोर्ड दिसत नाही. माझा अख्खा तास यात गेला आहे.

सर्वांत जास्त वेळ मी बटणाला देते. एका मुलीनं २ नंबरची पिन आणि ५ व्होल्ट यांच्यामध्ये बटण जोडलं. दाबलं की दिवा लागायला हवा होता. तो आपोआपच लुकलुकू लागला. "बाई, मी हातसुद्धा लावला नाही!" तिनं कोड तीनदा लिहून काढला. कोडमध्ये चूक नव्हतीच.

मी तिला पिनचं वाचन सिरियल मॉनिटरवर (बोर्डानं पाठवलेला मजकूर कॉम्प्युटरवर दाखवणाऱ्या खिडकीत) छापायला सांगितलं. मग बटण काढून पिनची तार थेट ग्राउंडला, म्हणजे ० व्होल्टला, लावली: सलग ०. ५ व्होल्टला लावली: सलग १. तार मोकळी सोडली: ०, १, १, ०, काहीही. तिचं तिलाच उमगलं की बटण दाबलेलं नसताना पिन कशालाच जोडलेली नसते, आणि अशी अधांतरी पिन आसपासचे विद्युत संकेत उचलते. त्यानंतर 'इनपुट पुलअप' ही पिनची सेटिंग सांगितली. चिपच्या आतलाच रेझिस्टर पिनला ५ व्होल्टकडे ओढून धरतो. बटण पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये लावायचं. मग दाबल्यावर ० येतो, हे उलटं वाटतं, पण तोवर त्यामागचं कारण तिला माहीत होतं.

साध्या कोडिंगच्या तासात चूक स्क्रीनवरच असते. इथे ती तारेत असेल किंवा कोडमध्ये, आणि मुलं आधी कोडलाच हात घालतात. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची सवय लावा. चूक तुम्हाला लगेच दिसेल. तरी त्यांच्या कीबोर्डला हात लावू नका. दोघांत एक बोर्ड द्या आणि दर कृतीनंतर तारा नि टायपिंगची अदलाबदल करा, नाहीतर एकच मूल सगळं करतं.

तारांचा गुंता नकोच असेल तर मायक्रो:बिट हा बोर्ड घ्या. २५ एलईडी, दोन बटणं, हालचाल ओळखणारा सेन्सर, सगळं बोर्डावरच. स्क्रीनवर ओढून जोडायच्या कोडच्या ब्लॉकपासून सुरुवात करून पुढे पायथन या भाषेकडेही जाता येतं. मला मात्र तारा हव्यातच.

शेवटी मी सिग्नलचे दिवे देते, पादचाऱ्याच्या बटणासह. लाल दिव्याचा पाच सेकंदांचा डिले चालू असताना बटण दाबलं तर काहीच होत नाही, कारण तेवढा वेळ प्रोग्रॅम बटणाकडे बघतच नाही. 'मिलिस' हे फंक्शन वापरून प्रोग्रॅम न थांबवता वेळ कशी मोजायची, हे मी त्याच दिवशी सांगत नाही. एक आठवडा त्यांना त्या अडचणीशी झगडू देते.