पॉवर स्टिअरिंगचा बेल्ट चढत नाहीये? जोर लावायच्या आधी या चुका टाळा

नागपूरजवळच्या मोहगाव झिल्पीकडच्या चिखलात पावसाळाभर खेळलेली गाडी असली की बेल्ट बदलायच्या दिवशी हमखास एक डायलॉग ऐकू येते, "अरे भाऊ, दुकानदारानं बेल्ट आखूड दिला वाटते, चढूनच नाही राहिला." मग कोणीतरी मोठा पेचकस आणतो, पुलीच्या काठात घुसवतो, दुसरा आत बसून स्टार्टरचा झटका देतो आणि बेल्ट एकदाचा चढतो. चढतो खरा, पण तिथेच त्याची वाट लागलेली असते.

बाहेरून रबर दिसते, पण सगळी ओढ आतल्या दोऱ्यांवर असते, आणि साध्या बेल्टचे दोरे ताणत नाहीत, तुटतात. पेचकसाचं टोक लागलं की काठावरची दोरी उचकते, आधी केसासारखा एक धागा बाहेर लोंबताना दिसतो, तो फिरता फिरता उसवत जातो, आणि मग कधीतरी काठाची पट्टीच सुटून बाजूच्या पुलीत गुंडाळली जाते. स्टार्टरच्या झटक्यानं तर बोटं जातात, ते बिलकुल नको. चावी खिशात, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली, मगच हात आत.

आता बेल्ट टाईट काहून होतो ते पाहा. जुन्या जीप-बोलेरो टाईपच्या बऱ्याच गाड्यांमध्ये हा बेल्ट फिरवतो तो पॉवर स्टिअरिंगचा पंप एका पिव्हट बोल्टवर झुलतो, दुसरा म्हणजे लॉक बोल्ट ब्रॅकेटच्या लांबट खाचेत असतो, आणि काही ठिकाणी ताण द्यायला वेगळा अ‍ॅडजस्टर बोल्ट. लोक नुसता अ‍ॅडजस्टर ढिला करतात. पिव्हट टाईटच राहिला तर पंप जागचा हलत नाही, उलट अ‍ॅडजस्टरचेच आटे जातात. आधी पिव्हट आणि लॉक बोल्ट ढिले करा, काढू नका, फक्त ढिले, मग अ‍ॅडजस्टर मागे घ्या.

एवढं करूनही पंप पूर्ण आत, म्हणजे बेल्ट ढिला होईल त्या बाजूला, येत नसेल तर टॉर्च मारून त्या खाचेत पाहा. आपली काळी माती ओली असताना लोण्यासारखी असते, पण इंजिनच्या गरमीनं वाळली की दगड, आणि खाचेच्या टोकाला तिचा एवढासा खडा बसला तरी पंप तितका अलीकडेच अडतो. हातानं ढकलून आपल्याला वाटते आला आत, पण चार-पाच मिलिमीटर बाकी असतात, आणि बेल्ट न चढायला तेवढं पुरते. खाच टोकरून काढा, वायर ब्रश मारा, गंज असेल तर पिव्हटला गंज सोडवायचं तेल मारून थोडा वेळ चहा प्या. बरेचदा बेल्ट मग हातानंच चढतो. पंप सरकवताना टॉमी (लोखंडी दांडा) त्याच्या टाकीवर टेकवू नका, टाकी पत्र्याची असो की प्लास्टिकची, चेपली-तडकली की तिथून तेल गळते आणि एका कामाची दोन कामं होतात. टॉमी ब्रॅकेटच्या जाड लोखंडावरच टेकवायची.

एकच लांब बेल्ट सगळं फिरवतो अशी गाडी असेल तर भानगड वेगळी. तिथे आपोआप ताण देणारा ऑटो टेन्शनर असतो, पान्यानं त्याचा हात फिरवून ढील मिळते. काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा, कारण एका आयडलरच्या (बेल्टला नुसती वाट दाखवणाऱ्या पुलीच्या) चुकीच्या बाजूनं नेला तरी बरोबर नंबरचा बेल्टही आखूड पडतो. शेवटी बेल्ट दात (लांबीच्या दिशेनं जाणाऱ्या धारा) नसलेल्या गुळगुळीत पुलीवरून सरकवायचा, दातांच्या पुलीवरून सरकवायला गेलात की एक दात बाजूला बसतोच. वरून नीट दिसत नाही, म्हणून प्रत्येक पुलीवर बोट फिरवून पाहा, काठावर एक दात बाहेर लटकत असेल तर लगेच कळते.

नंबर वाचायची सवय लावा. ६पीके१७५० म्हणजे सहा दात, पीके हा प्रोफाईल, म्हणजे दातांचा आकार, आणि १७५० मिलिमीटर लांबी. जुना-नवा शेजारी लटकवून मोजू नका, नंबरच खरा. जुना घासून पुलीत खोल बसायला लागलेला असतो, म्हणून नवा चढवताना आखूड वाटतोच. आणि जुन्या जीपला मागून पॉवर स्टिअरिंगचं किट लावलं असेल तर कंपनीचा नंबर विसरा, ब्रॅकेट कोणी कसं बनवलं त्यावर लांबी ठरते. पंप पूर्ण आत घेऊन सुतळीनं अंदाज घ्या आणि त्याहून थोडा लांबच बेल्ट आणा, ताण द्यायला जागा असते ना.

काही नव्या इंजिनांवर ना अ‍ॅडजस्टर ना टेन्शनर, म्हणजे तो स्ट्रेच बेल्ट. तो टाईटच असतो, त्याचं वेगळं टूल येते. जुना कापून काढायचा, परत वापरायचा नाही, आणि त्याच्या जागी साधा बेल्ट तर बसवायचाच नाही.

चढल्यावर दुसरी हौस म्हणजे आवाज नको म्हणून तारेसारखा ताणून ठेवणं. त्यानं पंपाचं बेअरिंग जाते, आणि तोच बेल्ट इंजिन थंड ठेवणारा वॉटर पंप फिरवत असेल तर मे महिन्यातल्या ४५ डिग्रीत काय होईल ते सांगायला नको. इंजिन थंड असताना सगळ्यात लांब भागाच्या मधोमध अंगठ्यानं दाबा, व्ही बेल्ट (व्ही आकाराच्या खाचेत बसणारा) साधारण १० मिलिमीटर दबला की झालं, मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच खरा. मग गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवा, स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवा, पण फुल लॉकला पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून नका ठेवू, थंड झाल्यावर परत तपासा. नवा बेल्ट बसतो तेव्हा थोडा ढिला पडतोच.

तरी चीं चीं आवाज आला तर बेल्टवर स्प्रे मारायची घाई नको, माती चिकटून अजून वाईट होते. बेल्टच्या दातांकडून थोडं साधं पाणी मारा, हात आणि बाही लांब ठेवून. आवाज लगेच वाढला तर बेल्ट घसरतोय, ताण कमी आहे. थोडा वेळ बंद होऊन परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत, किटच्या ब्रॅकेटवर हे फार होते, सरळ पट्टी लावून पाहा.

आणि बेल्ट नवा, ताण बरोबर, तरी स्टिअरिंग जड? चिखलासाठी टायरची हवा कमी केली होती ती परत भरली का ते आधी पाहा. भरलेली असेल तर टाकीतलं तेल बघा, फेस दिसला तर सिस्टीममध्ये हवा आहे. लेव्हल खाली असेल तर वरून ओतून मोकळं होऊ नका, तेलाच्या होजच्या (नळीच्या) क्लॅम्पपाशी गळती शोधा, कारण ते तेल बेल्टवर पडत राहिलं तर रबर फुगते आणि हाच नवा बेल्ट परत काढावा लागते.