विमानाच्या मॉडेलला वॉश कसा द्यावा

वॉश म्हणजे मॉडेलवरच्या पत्र्यांच्या जोडरेघा उठून दिसाव्यात म्हणून त्यांत सोडलेला पातळ रंग. मॉडेल जोडून, रंगवून, डेकल (खुणा-आकड्यांची चिकटचित्रे) लावून तयार आहे, असे धरून पुढचे लिहितो. 'पातळ काळा रंग फासा आणि पुसा' हा सल्ला सर्रास दिला जातो आणि त्यानेच चांगली मॉडेले खराब होतात. वॉश बिघडतो तो बहुधा त्याखालच्या थरामुळे, म्हणजे ग्लॉस कोटमुळे (चकचकीत वार्निशाच्या थरामुळे).

जुन्या विक्रांत या विमानवाहू नौकेवरच्या सी हॉक या लढाऊ जेट विमानाचे १:७२ प्रमाणातले माझे मॉडेल असेच गेले. जुलैचा महिना होता आणि ग्लॉस वार्निश वरून कोरडे लागत होते, म्हणून दुसऱ्याच दिवशी मी वॉश दिला. वॉश रेघांत थांबण्याऐवजी पंखभर झिरपला, पुसताना खालचा राखाडी रंगही निघाला आणि डाव्या पंखावर काजळी फासल्यासारखा डाग कायमचा राहिला. मुंबईच्या पावसाळ्यात दमट हवेमुळे वार्निश सुकायला वेळ लागतो. लॅकर (झटपट सुकणारे वार्निश) फवारले तर उडून जाणारा थिनर पृष्ठभाग थंड करतो, त्यावर हवेतली वाफ बसते आणि थर दुधासारखा पांढुरका होतो. म्हणून उघडीप मिळेपर्यंत थांबावे, अ‍ॅक्रिलिक ग्लॉसचे दोन पातळ थर द्यावेत आणि मॉडेल सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या बंद डब्यात किमान तीन दिवस ठेवावे. नंतर पंख ट्यूबलाइटखाली तिरपा धरावा. उजेडाची रेघ त्यावर सलग उमटली तर थर गुळगुळीत आहे; ती कुठे फुटली वा धूसर झाली, तर तिथे डाग पडणारच, तेव्हा आणखी एक थर द्यावा. वार्निशाचा वास येत असेपर्यंत वॉशची बाटली उघडूसुद्धा नये.

वॉशसाठी ऑइल कलर मिनरल टर्पेंटाइनमध्ये कळकट पाण्याइतका पातळ करावा. रॉकेल वापरू नये, कारण त्याचा तेलकटपणा मागे राहतो आणि वरचे वार्निश धरत नाही. निव्वळ काळा रंग मला अजिबात मान्य नाही. राखाडी विमानाला त्याहून दोन छटा गडद राखाडी आणि हिरव्या-तपकिरी विमानाला बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) शोभतो. एलेरॉन, फ्लॅप आणि रडर या पंख-शेपटीच्या हलत्या भागांच्या फटी मात्र इतर रेघांपेक्षा गडद ठेवाव्यात, कारण खऱ्या विमानात तिथे खरोखरच पोकळी असते. ब्रशचे टोक रेघेला नुसते टेकवावे, केशाकर्षणाने वॉश आपोआप पुढे धावतो. उघड्या प्लास्टिकवर तो साचू देऊ नये, ताण असलेला सांधा त्याने तडकतो.

वॉशची चमक जाऊन तो मातकट दिसू लागला की पुसायला घ्यावे. इअरबड टर्पेंटाइनमध्ये बुडवून कागदावर टिपावा, जवळजवळ कोरडा झाला पाहिजे, आणि नेहमी नाकाकडून शेपटीकडे, हवेच्या प्रवाहाच्या दिशेनेच फिरवावा, म्हणजे मागे राहिलेला पुसट ओघळही खरा वाटतो. आडवे पुसले की तो मळ वाटतो. पंखाचा हातभर पट्टा एकदम घेऊ नये. एक पॅनेल (रेघांमधला एक तुकडा) संपवून पुढच्याला हात लावावा.

दोन दिवसांनी मॅट वार्निश फवारावे. धुराची काजळी त्यानंतर, कोरड्या पेस्टलच्या भुकटीने द्यावी; सी हॉकचा धूर शेपटीतून नव्हे, तर पंखांच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी बाहेर पडतो, म्हणून काजळीची सुरुवात तिथूनच करावी.