‘वाईच’ला इंग्रजीत काय लिहायचं?

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीतून (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यातून) परदेशी गिऱ्हाइकाला ई-मेल जातो, तेव्हा अवघड तांत्रिक शब्द सहसा बरोबर असतात. घोळ होतो तो ‘थोडं’ लिहिताना. आपलं ‘जरा’, ‘थोडं’, ‘वाईच’ कुठंही बसतं. इंग्रजीत मात्र पुढचा शब्द कोणता, यावर सगळं ठरतं.

पुढं विशेषण असेल तर ‘स्लाइटली’, नाम असेल तर ‘स्लाइट’. ‘देअर इज स्लाइटली डिले’ चूक, ‘देअर इज अ स्लाइट डिले’ बरोबर. ‘अ बिट’ विशेषणाआधी थेट येतो, नामाआधी त्याला ‘ऑफ’ लागतो: ‘अ बिट ऑफ रस्ट’. नाम मोजता येणारं असेल तर आणखी एक ‘अ’ हवा, ‘अ बिट ऑफ अ प्रॉब्लेम’. हा दुसरा ‘अ’ हमखास गळतो.

मापाबद्दल लिहिताना ‘स्लाइटली’च घ्या आणि लगेच आकडा द्या: ‘द बोअर इज स्लाइटली ओव्हरसाइज, बाय 0.03 एमएम’ (बोअर म्हणजे भागातलं गोल भोक). नुसत्या ‘स्लाइटली’वरून समोरच्या क्वालिटीवाल्याला पीस पास की रिजेक्ट हे कळत नाही. ‘अ बिट’ फोनवर, व्हॉट्सॲपवर ठीक. ‘समव्हॉट’ पुस्तकी आणि मोघम. रिजेक्शन रिपोर्टात तो नकोच.

खरं नुकसान एका ‘अ’मुळं होतं. ‘वी हॅव फ्यू पीसेस इन स्टॉक’ म्हणजे माल जवळजवळ संपलाय. ‘वी हॅव अ फ्यू पीसेस’ म्हणजे थोडे आहेत, मागवा. मोजता न येणाऱ्या गोष्टींना हाच फरक ‘लिटल’ आणि ‘अ लिटल’मध्ये: ‘लिटल टाइम’ म्हणजे वेळ नाहीच म्हणा, ‘अ लिटल टाइम’ म्हणजे थोडा आहे. त्यात ‘ओन्ली अ फ्यू’ पुन्हा कमतरतेकडं वळतो, तर ‘क्वाइट अ फ्यू’ थेट ‘बरेच’ होतो. थोडेच कास्टिंग रिजेक्ट झाले असं सांगायचंय आणि ‘क्वाइट अ फ्यू’ लिहिलं, तर पुढच्या प्रश्नांना तयार राहा.

‘अ बिट’ आणि ‘अ लिटल’ साध्या विशेषणाआधी आले की बहुधा तक्रारीचा सूर लागतो. तांबड्या रश्शाला पाहुणा ‘अ बिट स्पायसी’ म्हणाला, तर ते कौतुक समजू नका. म्हणूनच ‘द फिनिश इज अ बिट गुड’ कानाला खटकतं. तिथं ‘फेअरली गुड’ हवं. तुलना असेल तर अडचण नाही, ‘अ बिट बेटर’ चालतं. चप्पलेबद्दल ‘फेअरली टाइट’ म्हटलं तर ते नुसतं वर्णन. ‘रादर टाइट’मध्ये सहसा नापसंती असते.

‘क्वाइट गुड’ जपून. ब्रिटिश माणूस त्याचा अर्थ बऱ्याचदा ‘बरं आहे’ एवढाच घेतो, अमेरिकन माणूस ‘चांगलंच आहे’ असा. दोन्हीकडं गिऱ्हाइकं असतील तर हा शब्द वगळून सरळ ‘गुड’ किंवा ‘ॲक्सेप्टेबल’ लिहा.

जोडीला एक गंमत: ‘नॉट अ बिट’ म्हणजे मुळीच नाही, पण ‘नॉट अ लिटल’ म्हणजे चांगलंच. दुसरा आता फारसा वापरात नाही. वाचताना ओळखता आला की पुरे.